पात्यावरचा शेंदूर

सेलूच्या त्या कापसाच्या जिनिंगात बिरूला ओळखत नव्हता असा माणूस नव्हता, पण ओळखायचे ते अर्धवट म्हणून. भर उन्हाळ्यात हा बाबा खोलीची दारंखिडक्या गच्च लावून बसायचा. पत्र्याची खोली, आत नुसती भट्टी, अंगावरून घामाच्या धारा, अन् हा आपला एका वीतभर लाकडी पंख्याकडं डोळे लावून बसलेला. कोणी विचारलं तर म्हणायचा, वारा लागतो. माणसं वाऱ्यासाठी दारं उघडतात अन् हा वाऱ्याला भिऊन लावतो म्हटल्यावर लोक हसणार नाहीत तर काय करतील?

पंखा होता विमानाचा. खऱ्या नव्हे, खेळण्यातल्या विमानाचा. पण त्याला खेळणं म्हटलेलं बिरूला खपायचं नाही. जिनिंगचे मालक दत्तराव, त्यांची ती हौस. हैदराबादला कॉलेजात असताना ते असली विमानं करायला शिकले होते. पुढं जिनिंग अन् जमीन हाताशी आल्यावर त्यांनी मुंबईच्या मेव्हण्याकडून रेडिओचा संच मागवला. हातात धरायचा एक डबा, त्याला लांब तार, वर दोन छोट्या दांड्या. दांडी हलवली की आभाळातलं विमान वळतं, चढतं, उतरतं, अन् मधे दोरी नाही की काही नाही. नामांतराची दंगल नुकतीच होऊन गेली होती, एका गावातली माणसं एकमेकांकडं धड बघत नव्हती, त्या दिवसांत दत्तराव माळावर विमान उडवायचे अन् सगळ्या आळ्यांतले लोक माना वर करून उभे राहायचे. दत्तरावांना त्याचं फार कौतुक होतं. विमानाचं नव्हे, स्वतःचं.

बिरू धनगराचा. बाप मेंढरांमागं फिरता फिरताच गेला. तेव्हा आईनं, केवळाबाईनं, चार मेंढरं दिराच्या कळपात घातली अन् पोराला जिनिंगात लावलं. तिथल्या एका जुन्या फिटरानं त्याला कापूस ओढणाऱ्या मोठ्या पंख्यांचं काम शिकवलं. ओला कापूस एखाद्या पात्याला चिकटून बसला की पंख्याचा तोल जातो अन् सगळी शेड हादरायला लागते. तो हादरा बिरूच्या तळहाताला लोकांच्या आधी कळायचा. दत्तरावांनी ते हेरलं अन् त्याला आपल्या विमानांच्या कामाला जुंपला.

काम म्हणजे हेच, पंख्याचा तोल. दोन पात्यांतलं एक पातं गव्हाच्या दाण्याएवढं जरी जड झालं तरी संपलं. इंजिन सुरू झालं की पंखा इतका गरगरतो की नुसता धूर दिसावा, अन् तो दाणाभर जडपणा सगळ्या विमानाला गदागदा हलवायला लागतो. स्क्रू ढिले होतात, टाकीतल्या तेलाला फेस येतो, अन् सगळ्यात वाईट म्हणजे विमानाच्या पोटात बसवलेल्या रेडिओच्या केसासारख्या वायरी तुटतात. वायर तुटली की खाली डबा धरून उभा असलेला माणूस अन् रस्त्यानं चाललेला माणूस, दोघांत फरक राहत नाही. विमानाला मग कोणीच वाली नसतो.

म्हणून बिरूनं एका फळीवर दोन ठोकळे ठोकले होते, त्यांवर दाढीची दोन ब्लेडं उभी रोवली होती. पंख्याच्या मधल्या भोकात स्वेटर विणायची सुई घालायची अन् ती सुई त्या ब्लेडांच्या धारेवर ठेवायची. जड पातं खाली जातं. मग त्याची पाठ काचेच्या तुकड्यानं हलकेच खरवडायची, पुन्हा ठेवायचा, पुन्हा बघायचं. पंखा आडवा ठेवला तर आडवा थांबला पाहिजे, उभा ठेवला तर उभा, तिरपा ठेवला तर तिरपा. कोणी दार उघडलं, वाऱ्याची झुळूक आली, की मेहनत पाण्यात. आता कळलं का तो दारं का लावायचा ते?

रेडिओभोवती म्हणे स्पंज गुंडाळतात. सेलूत चांगला स्पंज कुठला मिळायला? बिरूनं घरून घोंगडीचा तुकडा आणला. केवळाबाईनं आपल्या हातानं कातलेल्या लोकरीची घोंगडी ती, बिरूच्या बापानं पावसापाण्यात वापरलेली. तिनं एक कोपरा कापून दिला अन् वर विचारलं की इमानाला थंडी वाजते का. बिरूनं सांगितलं, हादरे बसतात, ते लोकर पिऊन घेते. केवळाबाईला ते पटलं. मेंढराच्या लोकरीत काय काय जिरतं हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

या सगळ्या कामाचं बिरूनं कधी काही मागितलं नाही. त्याला फक्त एक पाहिजे होतं. तो डबा एकदा आपल्या हातात यावा, अन् आपण तोललेल्या पंख्यावर उडणारं विमान एकदा आपल्या अंगठ्यानं वळावं. बस्स. दुसरं काही नाही.

दत्तराव शब्द द्यायला कधी मागं सरले नाहीत. विमान उडवायचा त्यांचा मोठा मान दसऱ्याचा असायचा, सीमोल्लंघनाला सगळं गाव माळावर जमायचं तेव्हा. दर वर्षी म्हणायचे, या दसऱ्याला तुझ्या हातात, बिऱ्या. अन् दर दसऱ्याला काहीतरी निघायचंच. कधी वारा जास्त, कधी पाहुण्यांना दाखवायचं, कधी तहसीलदारांच्या लेकराला दांडी हलवून बघायची. बिरू विमानाची शेपटी धरून बसायचा, इंजिन तापलं की सोडायचा, अन् उतरल्यावर पळत जाऊन उचलून आणायचा. तोंडाला पानं पुसणं म्हणतात ते हेच. पण आशा लय वाईट असते बघा, ती माणसाला खुळा करून सोडते.

घरी त्यानं साबणाच्या रिकाम्या खोक्याला दोन खिळे लावले होते. जेवण झालं की ते खोकं हातात धरायचं अन् अंगठ्यांनी खिळे हलवत वर आढ्याकडं बघायचं. केवळाबाई आधी हसली. मग शेजारी बसून विचारायला लागली, हा वढला की वर का? अन् हा? बिरू तिला सांगायचा. होता होता तिलाही सगळं पाठ झालं. आढ्याखाली त्या दोघांनी किती विमानं उतरवली असतील, त्यांची त्यांनाच ठाऊक.

मग एका वर्षी दत्तरावांच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. उन्हात वर बघितलं की डोळ्यांना पाणी यायचं. पोळा झाल्यावर त्यांनी जिनिंगच्या अंगणात, मुनीम, फिटर, हमाल सगळ्यांच्या देखत जाहीर केलं की यंदा विमान वर मी नेणार अन् वर गेलं की डबा बिरूच्या हातात देणार. त्यांचा पुतण्या बन्सीधर तिथं उभा होता, औरंगाबादला शिकणारा, त्याचं तोंड एवढंसं झालं. पण शब्द चारचौघांत गेला होता. बिरूनं त्या दिवसापासून नवा पंखा कोरायला घेतला, सागवानाचा, अन् दसरा जवळ आला तसं ते विमान घरीच आणून ठेवलं. जिनिंगात उंदीर फार, असं त्यानं मुनीमाला सांगितलं. खोटं होतं ते. त्याला ते डोळ्यांसमोर पाहिजे होतं.

खंडेनवमीला घरोघर हत्यारांची पूजा होते. केवळाबाईनं घर सारवलं, चौकट पुसली, अन् भिंतीकडेला सगळं ओळीनं मांडलं. कुऱ्हाड, विळा, लोकर कातरायची कातर, नवऱ्याची जुनी काठी, अन् शेवटी ते विमान. तेलात कालवलेल्या शेंदराचं बोट एकेकाला लावत गेली. बिरू अंघोळ करून आत आला तेव्हा ती विमानापुढं हात जोडून उभी होती, अन् पंख्याच्या एका पात्यावर शेंदराचं ठसठशीत बोट होतं.

बिरूनं वाकून बघितलं. शेंदूर म्हणजे किती जड, हे त्याच्यापेक्षा कोणाला ठाऊक असणार? आठ-पंधरा दिवस जीव टांगणीला लावून काढलेला तोल त्या एका बोटानं गेला होता. पुसून टाकावा म्हणून त्यानं फडकं उचललं सुद्धा. पण केवळाबाई वळली अन् म्हणाली, "तुज्या हातात येणार हाय ना उद्या. म्हनलं, देवाचं बोट लागू दे."

त्यानं फडकं खाली ठेवलं. आता देवाचं अन् आईचं बोट, तेही नवमीच्या दिवशी, पुसतो कोण? मग त्यानं दारं लावली, पंखा काढून ब्लेडांवर ठेवला, अन् काडीच्या टोकानं दुसऱ्या पात्याला शेंदूर लावायला बसला. थोडा लावायचा, थोडा काढायचा. केवळाबाई चुलीपाशी बसून बघत होती. अखेर पंखा आडवा थांबला, उभा थांबला, तिरपा थांबला. शेंदूरही राहिला अन् तोलही राहिला. बिरूला स्वतःचाच अभिमान वाटला, अन् का वाटू नये?

दसऱ्याला माळावर ही गर्दी. दत्तराव फेटा बांधून, डबा गळ्यात अडकवून उभे. त्यांच्या मागं बन्सीधर. बायका एका बाजूला बाभळीखाली, त्यात केवळाबाई, नवं लुगडं नेसून, हातात आपट्याची डहाळी घेऊन. बिरूनं विमान समोर आणून ठेवलं. तेवढ्यात दत्तरावांच्या बायको कमलबाई तबक घेऊन पुढं आल्या. हंगामाच्या आधी जिनिंगच्या यंत्रांची पूजा त्याच करायच्या. तूप अन् शेंदूर कालवून प्रत्येक यंत्रावर जाडजूड स्वस्तिक काढायच्या. इतकी वर्षं विमानाला नुसतं ओवाळायच्या. त्या वर्षी यजमानांच्या डोळ्यांची काळजी असेल, नाहीतर पात्यावर आधीच शेंदूर दिसला म्हणून असेल, त्यांनी वर आलेल्या पात्यावर तसंच स्वस्तिक काढलं. तुपाचा हा थर! नमस्कार केला अन् मागं सरल्या.

बिरूच्या तोंडाशी आलं होतं, बाईसाहेब, दुसऱ्याला पण लावा. किंवा, मालक, थांबा. इतकं सोपं होतं ते. पण मालकिणीनं काढलेलं स्वस्तिक चारशे लोकांसमोर मेंढक्यानं पुसायचं? दत्तरावांचं बिनसलं तर डबा गेला. इतक्या वर्षांनी हात पुढं आलेला, अन् आपणच तो मागं लोटायचा? त्यानं तोंड मिटलं.

इंजिन सुरू झालं. इंजिनाच्या तेलात मिसळलेल्या एरंडेलाचा जळका वास पसरला. बिरूनं शेपटी दोन्ही हातांनी धरली अन् त्याच्या तळहातांना सगळं कळलं. विमान थरथरत नव्हतं, थडथडत होतं. पंखांची टोकं दोन-दोन दिसत होती. दत्तरावांनी मान हलवून खूण केली, सोड. सोडायचं नव्हतं. जिनिंगचा पंखा असता तर त्यानं धावत जाऊन पट्टा उतरवला असता. बिरूनं सोडलं.

गेलं वर. लोकांनी टाळ्या पिटल्या. एक फेरी झाली, दुसरी झाली, अन् बिरूला वाटायला लागलं की काही होत नाही, घोंगडीनं सगळं पिऊन घेतलं असेल. दत्तरावांनी डोळे पुसले अन् हाक मारली, "बिऱ्या, ये. धर."

डबा हातात आला. साबणाच्या खोक्यापेक्षा जड होता. बिरूनं डावी दांडी सांभाळली, उजवी किंचित ओढली, अन् वर, माळाच्या टोकाला, विमान वळलं. त्याच्या अंगठ्यानं वळलं. बाभळीखाली केवळाबाईनं शेजारणीचा हात धरला. तिला कळलं होतं, कोणती दांडी ओढली ते.

दुसऱ्या वळणाला विमानानं ऐकलं नाही. बिरूनं दांडी ओढली, आणखी ओढली, पार टेकवली. विमान आपलं सरळ चाललं, मग नाक खाली घातलं, अन् तुरीच्या रानातल्या दगडी बांधावर आदळलं.

सगळे तिकडं पळाले. तुकडे गोळा झाले. बन्सीधर पहिला बोलला, काका, सांगत होतो, मेंढरं हाकणाऱ्याच्या हातात देऊ नका. दत्तरावांनी विमानाचं फुटलेलं पोट उघडलं. घोंगडीच्या तुकड्यात रेडिओ होता तसाच होता, पण त्याची वायर सांध्यापाशी तुटली होती. म्हणजे हादरा. ते त्यांनाही कळत होतं, काही अडाणी नव्हते ते. त्यांनी पंखा हातात घेतला. एक पातं तुटून गेलेलं, उरलेल्यावर तुपाचा अन् शेंदराचा फराटा. कमलबाई तबक घेऊन दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या अन् दुसरीकडंच बघत होत्या. कोणी काय लावलं, सगळ्या गावानं बघितलेलं. पण जो तो तुकडेच उलटेपालटे करत राहिला.

दत्तरावांनी बायकोकडं बघितलं नाही. बिरूकडं बघितलं अन् सावकाश विचारलं, "घरनंच शेंदूर लावून आणला व्हतास ना रे?"

बिरू काय ते समजला. प्रश्न नव्हता तो, वाट करून दिली होती. हो म्हटलं की बाईसाहेबांचं नाव येत नाही, त्याच्या हाताचाही दोष राहत नाही, अन् पुढच्या विमानाला डबा पुन्हा मिळू शकतो. खरं बोललं तर काहीच राहत नाही. केवळाबाई गर्दीतून वाट काढत एव्हाना बांधापाशी येऊन पोचली होती. तिच्या हातात अजून डहाळी होती.

"मायनं लावला, मालक," बिरू म्हणाला.

पुढचं वाक्य त्याच्या जिभेवर होतं, की मी तोल करून घेतला होता. ते काही बाहेर आलं नाही. दत्तराव हसले, मोठ्या मनानं. जाऊ द्या म्हणाले, अडाणी बाई, तिला काय कळणार इमानातलं. लोकही हसले, सुटल्यासारखे हसले. कोणीतरी केवळाबाईला म्हणालं, म्हातारे, मेंढराला लाव शेंदूर, इमानाला नको. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

घरी जाताना केवळाबाई पुढं चालत होती, बिरू मागं. ओढा लागला तेव्हा केवळाबाईनं पुढं बघतच विचारलं, "बिरू, तू दुसऱ्या पात्याला बी लावला व्हता ना? मी बघत व्हते."

बिरू ओढ्यात उतरला. ती पुन्हा विचारेल म्हणून तो वाट बघत राहिला. तिनं विचारलं नाही.

अन् एवढं करून मिळालं काय? दत्तरावांनी दुसरं विमान केलं. डोळ्याचं ऑपरेशन झालं, तरी डबा बन्सीधरच्या गळ्यात गेला, कायमचा. पंखे मात्र बिरूच तोलत राहिला, दारं लावून, घाम गाळत. सोडून द्यावं असं त्याला वाटलं नसेल असं नाही. पण ज्याच्यासाठी आईला विकलं तेही सोडलं तर मग हातात काय राहिलं असतं?

दुसऱ्या वर्षीच्या खंडेनवमीला केवळाबाईनं हत्यारं मांडली. बिरूनं आपली ब्लेडांची फळी अन् एक पंखा ओळीत नेऊन ठेवला. तिनं कुऱ्हाडीला बोट लावलं, विळ्याला लावलं, कातरीला, काठीला लावलं, अन् फळीपाशी येऊन थांबली. बिरू म्हणाला, माय, माझं राहिलं. ती म्हणाली, "त्याला माझा हात नको. तोल जातोय." रागानं म्हणाली नाही. ज्वारी सरली, असं सांगावं तसं म्हणाली.

त्यानंतर दर वर्षी त्यानं पंखा ओळीत ठेवला अन् दर वर्षी ती तो सोडून गेली. बाकी कशात काही कमी केलं नाही. भाकर वेळेवर, दुखलंखुपलं बघणं, सगळं तसंच. साबणाचं खोकं तेवढं तिनं कधीतरी चुलीत घातलं होतं.

विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला, त्या सालच्या उन्हाळ्यात केवळाबाई गेली. त्याच्या आधीची खंडेनवमी तिची शेवटची. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं तिला. भिंतीला धरून खाली बसली, शेंदराची वाटी मांडीवर घेतली, अन् चाचपत चाचपत एकेकाला बोट लावत सरकायला लागली. बिरूनं त्या वर्षी मुद्दाम पंखा मधे ठेवला होता, कातर अन् काठीच्या मधे. त्याला वाटलं, दिसत नाही, लागलं बोट तर लागलं. कातरीला लावून तिचा हात पुढं आला. बोट लाकडाला टेकणार, त्याच्या आधी डाव्या हातानं तिनं ते पातं चाचपलं. ओळखलं. अंगठ्यानं त्याची कड एकदा इकडून तिकडं बघितली, खरवडलेली पाठही बघितली. मग शेंदराचं बोट आपल्याच पदराला पुसलं, वाटीत पुन्हा बुडवलं, अन् पुढं सरकून नवऱ्याच्या काठीला लावलं.